भेग बुजवण्याआधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट. पहिल्या सुट्टीत निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तर माझे चुलते, आप्पा, ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय रे, समुद्रात तू करतोस तरी काय?" मी म्हणालो, "आप्पा, तेलाची विहीर खोदताना जो चिखल वापरतात, तो मी तयार करतो." आप्पांनी पान जुळवलं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, "मग एवढं शिकून चिखलच कालवायचा होता, तर आपल्या मळ्यात काय कमी होता?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आज तो चिखल, तो जमिनीत पळून गेला तर काय होतं आणि त्याला थांबवणारं जेल, याबद्दल आपल्याशी बोलणार आहे. विषय तेलाच्या विहिरीचा वाटेल, पण शेवटी तो आपल्या नाशिकच्या विहिरीशी येऊन थांबतो. निवृत्तीनंतर माझ्याच घरच्या विहिरीशी तो येऊन थांबला.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, 'सागर सम्राट' या रिगनं १९७४ साली तेल शोधून काढलं आणि मे १९७६ मध्ये तिथलं उत्पादन सुरू झालं. हेच बॉम्बे हाय, म्हणजे आजचं मुंबई हाय. अशी विहीर खोदताना पोकळ पाइपाच्या टोकाला बिट असतं. पाइपामधून चिखल खाली सोडतात. रिगवर सगळे त्याला 'मड'च म्हणतात. हा मड बिटाच्या भोकांतून बाहेर पडतो आणि पाइपाच्या बाहेरच्या मोकळ्या जागेतून वर येतो. येताना खडकाचा चुरा घेऊन येतो. वर चाळणीवर चुरा गाळला जातो आणि मड पुन्हा खाली जातो. चोवीस तास हेच चालू असतं.

मड बिटाला थंड ठेवतो, चुरा वर आणतो, विहिरीच्या भिंती धरून ठेवतो. पण त्याचं सगळ्यात मोठं काम वजनाचं. पाण्याच्या दहा मीटर उंच स्तंभाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. म्हणजे हजार मीटर खोल विहिरीच्या तळाशी नुसत्या पाण्याचाच दाब शंभर किलो. मड पाण्याहून जड, म्हणून दाब आणखी जास्त. खडकातला वायू आणि तेल वर उसळू पाहतात, त्यांना हे वजन दाबून ठेवतं. एरवी विहिरीवर झाकण असतं, खोदताना मड हेच झाकण.

आता समजा, खाली खडकात मोठी भेग लागली. मुंबई हायचा तेल देणारा खडक मुख्यतः चुनखडीचा. चुनखडी पाण्यानं झिजते, तिच्यात लहानमोठी पोकळी असते. शिवाय अनेक वर्षं तेल काढल्यामुळे खडकातला मूळचा दाबही उतरलेला. अशा ठिकाणी बिट पोचलं की मड वर येण्याऐवजी खडकातच शिरतो. टाकीची पातळी डोळ्यांदेखत उतरायला लागते. आम्ही याला 'लॉस' म्हणायचो. मड महाग असतो, पण खरी भीती पैशाची नसते. विहिरीतली मडची उंची कमी झाली की दाब कमी होतो. भेग एका थरात असते आणि दुसऱ्याच थरातला वायू ती संधी साधतो. उसळलेल्या विहिरीचं रूप काय असतं ते आंध्रातल्या पासरलापुडीत जानेवारी १९९५ मध्ये देशानं पाहिलं. ती आग दोन महिन्यांहून अधिक काळ जळत होती.

मग भेग बुजवायची कशी? जुना उपाय अगदी घरगुती आहे. आपली मोरी कशी तुंबते? आधी एखादी काडी आडवी अडकते, तिला केस गुंडाळतात, त्यावर भाताची शितं बसतात आणि मग पाणी थांबतं. रिगवर मुद्दाम हेच करतात. अभ्रकाचे पापुद्रे, अक्रोडाच्या टरफलांचा भुगा, सरकीची टरफलं, लाकडाचा भुसा, उसाचं चिपाड, असं जाड, मध्यम, बारीक सगळं मिसळून खाली सोडतात. जाड कण भेगेत आडवे अडकतात, बारीक कण मधल्या फटी भरतात.

यात एकच अडचण आहे. भेग केवढी आहे हे कुणी पाहिलेलं नसतं. कण मोठे झाले तर ते भेगेच्या तोंडाशीच बसतात आणि बिट पुन्हा फिरलं की निघून जातात. लहान झाले तर आरपार निघून जातात. दोन किलोमीटर खोल अंधारातल्या भोकाला मापाशिवाय बूच करायचं म्हटल्यावर चुकायचंच.

इथं जेल कामाला येतं. भेगेच्या आकाराचं बूच करण्याऐवजी असं काहीतरी पाठवायचं, जे जाताना पातळ असेल, भेग जशी असेल तशी ती भरेल आणि आत गेल्यावर घट्ट होईल. आपल्या घरी सब्जा किंवा अळीव भिजत घातले की काय होतं? मूठभर बियांत वाडगंभर पाणी अडकून बसतं. ते पाणी कुठं गेलेलं नसतं, फक्त वाहायचं थांबलेलं असतं. जेलही असंच. काही पदार्थांचे रेणू लांबच लांब धाग्यांसारखे असतात. ते पाण्यात सोडले की पाणी दाट होतं, पण वाहतं. मग त्यात थोडासा दुसरा पदार्थ घातला, की तो एका धाग्याला दुसऱ्याशी गाठी मारतो. धाग्यांचं जाळं होतं आणि पाणी जाळ्यात अडकतं. शंभर लिटर पाण्याला एखादा किलो भुकटी पुरते, बाकी सगळं पाणीच.

हे धागे कुठून येतात, हे सांगितलं तर आपल्याला गंमत वाटेल. सगळ्यात जास्त वापरला जाणारा एक पदार्थ म्हणजे गवार. होय, आपली भाजीची गवार. तिच्या बियांपासून डिंक काढतात. त्याला गाठी मारायला बोरॅक्ससारखा क्षार लागतो. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. अमेरिकेत खडक फोडून वायू काढण्याचं काम वाढलं तेव्हा या डिंकाची मागणी इतकी वाढली, की मार्च २०१२ मध्ये आपल्याकडे गवारीचे वायदे व्यवहार थांबवावे लागले. तिथं हाच डिंक वाळूचे कण भेगेत वाहून नेऊन भेग उघडी ठेवायला वापरतात आणि आम्ही भेग बंद करायला वापरायचो.

दुसरा प्रकार बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचा. ती डिझेलमध्ये कालवून पाठवतात. डिझेलमध्ये ती फुगत नाही. खाली पाण्याची गाठ पडली की फुगून घट्ट गोळा होते. तिसरा सोडियम सिलिकेटचा. जर्मनीत योस्टेन यांनी १९२५ च्या सुमारास तो जमीन घट्ट करायला वापरला. चौथा पॉलिअ‍ॅक्रिलामाइड या कृत्रिम धाग्याचा. आणि काहीच जमलं नाही तर शेवटी सिमेंट.

जेलच्या साऱ्या कामात कठीण गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. लवकर घट्ट झालं तर वाटेतच अडकतं. उशिरा झालं तर भेगेतून दूर वाहून जातं, पाण्यात विरतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकलो माझ्या चुकीतून.

नव्वदच्या दशकातली रात्र होती. मी मड इंजिनिअर म्हणून नवा होतो. रात्री दोनच्या सुमाराला ड्रिलरचा निरोप आला, "साहेब, टाकी उतरतेय." अभ्रक झालं, टरफलं झाली, थांबेना. शेवटी जेल पाठवायचं ठरलं. मी छोट्या प्रयोगशाळेत नमुना केला, घड्याळ लावलं. जेल धरायला पाऊण तास लागला. पाइपातून भेगेपर्यंत पोचायला अर्धा तास पुरे होता. मी हिरवा कंदील दिला. पण प्रयोगशाळेत वातानुकूलन होतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. खालचा खडक आपल्या नाशिकच्या वैशाखाच्या दुपटीहून जास्त तापलेला. उष्णतेनं गाठी लवकर बसतात. वीस मिनिटांत पंपाचा दाब चढला आणि पंप थांबवावा लागला. जेल पाइपातच धरलं होतं.

सगळा पाइप वर काढून साफ करायला दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात मडची पातळी टिकवायला आम्ही वरून सतत समुद्राचं पाणी ओतत होतो आणि ड्रिलर एका जागी उभा राहून दाबाच्या काट्याकडे बघत होता. विहीर उसळली नाही. माझ्या हुशारीनं नव्हे, त्याच्या सावधपणानं. तो मला एवढंच म्हणाला, "साहेब, खालचं काम आहे, खालच्या उन्हात करून बघायचं." त्यानंतर मी एकही नमुना गरम पाण्यात ठेवल्याशिवाय तपासला नाही.

पण जेल भेगेत नीट बसलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. मेक्सिकोच्या आखातातली २० एप्रिल २०१० ची दुर्घटना आपल्याला आठवत असेल. 'डीपवॉटर होरायझन' रिगवर अकरा माणसं गेली आणि जवळजवळ तीन महिने तेल समुद्रात वाहत राहिलं. मुख्य दोष तळाच्या सिमेंटचा होता. पण चौकशीत एक बारीक गोष्ट बाहेर आली. एप्रिलच्या सुरुवातीला त्या विहिरीत मोठा लॉस झाला होता आणि तो बुजवला गेला होता. पुन्हा गरज पडेल म्हणून आणखी मिश्रण तयार करून ठेवलं होतं. त्यातलं एक जाळं धरणारं पॉलिमर होतं. ते उरलं. ते तसंच किनाऱ्यावर न्यायचं तर घातक कचरा म्हणून विल्हेवाट लावावी लागली असती. विहिरीतून एकदा फिरवलं की समुद्रात सोडता येत होतं. म्हणून दाबाच्या चाचणीच्या वेळी मड आणि समुद्राचं पाणी यांच्यामध्ये ते वापरून टाकलं. या कामासाठी ते कुणी तपासलेलं नव्हतं. दाब बघण्याच्या अरुंद नळीत ते अडकलं असावं, त्यामुळे नळीत दाब शून्य दिसला असावा, ही शक्यता चौकशीत मांडली गेली. विहीर बंद आहे, असं माणसांनी मानलं. ती बंद नव्हती. बुजवण्यासाठी केलेली वस्तू नको तिथं गेली तर जिथून धोका दिसायचा ती खिडकीच बुजते.

आता आपल्या नाशिककडे येतो.

आपला खडक चुनखडीचा नाही, काळ्या पाषाणाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. अखंड पाषाण जवळजवळ पाणी सोडत नाही. पांडवलेण्यांत जा, तिथली खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहा. प्राचीन शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलं आहे. दोन हजार वर्षं झाली, त्यात पाणी साठतं, कारण तिथला खडक सांध्यांवाचून आहे. पण दोन थरांच्या मध्ये, मांजऱ्या खडकात, थंड होताना पडलेल्या भेगांत पाणी असतं. आपली विहीर आणि बोअर चालते ती या भेगांवर. तेलाच्या विहिरीत जी भेग शत्रू, तीच आमच्या शेतकऱ्याची लक्ष्मी. त्यामुळे बोअर घेताना दाट चिखल किंवा जेल वापरायचंच झालं तर गवारीच्या डिंकासारखं, काही दिवसांत आपोआप विरघळणारं वापरतात आणि नंतर बोअर धुऊन, क्लोरिन घालून साफ करतात. नाहीतर पाण्याचा झराच लिंपला जायचा.

तरीही आपल्याकडे भेग बुजवण्याचं काम होतं. धरणाच्या पायाखाली ओळीनं भोकं पाडून सिमेंटचं पातळ मिश्रण दाबानं भरतात. तिथं आधी खडक किती पाणी पितो हे मोजतात. मोजण्याचं माप 'लुजॉन'. दहा किलो दाबाखाली एक मीटर लांबीच्या भोकातून मिनिटाला एक लिटर पाणी गेलं तर एक लुजॉन. आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे तर या कामाची खास पद्धतच आहे, 'फ्रॅक्चर सील सिमेंटेशन'. गावाच्या पिण्याच्या विहिरीखालच्या बाजूला, नाल्याच्या पात्रात लहान बोअरच्या ओळी घेऊन सिमेंट भरतात. जमिनीखाली आडवी भिंत तयार होते, विहिरीचं पाणी भेगांतून खाली निघून जात नाही आणि उन्हाळ्यात स्रोत टिकतो. पण तिथं आधी भूवैज्ञानिक येतो, खडक बघतो, उतार बघतो.

आणि रसायन वापरायचं असेल तर आणखी जपायला हवं. स्वीडनच्या दक्षिणेला हॅलंडसोस नावाच्या डोंगरात रेल्वेचा बोगदा खोदत होते. आत पाणी फार झिरपत होतं. १९९७ मध्ये ते थांबवायला अ‍ॅक्रिलामाइड असलेलं रसायन भेगांत भरलं. माळेत ओवलेले मणी निरुपद्रवी असतात, पण सुटा मणी विषारी, मज्जातंतूंवर घाला घालणारा. आत पाण्याचा जोर एवढा की सगळे मणी माळेत ओवले जाण्याआधीच वाहून बाहेर आले. ओढ्यातले मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गाईंचे पाय लुळे पडले, कामगारांनाही त्रास झाला. काम बंद पडलं. त्या बोगद्यातून गाडी धावायला डिसेंबर २०१५ उजाडला.

आता घरची गोष्ट. निवृत्त होऊन मी गावी गेलो तेव्हा आप्पा राहिले नव्हते. त्यांचा मोठा मुलगा नाना मला विहिरीवर घेऊन गेला. आमच्या विहिरीच्या नाल्याकडच्या अंगाला, सुमारे अठ्ठावीस फुटांवर एक आडवी भेग आहे. नाना म्हणाला, "दादा, उन्हाळ्यात रात्री पंप बंद ठेवला तरी सकाळी पाणी अर्धा फूट उतरलेलं असतं. या भेगेतून खालच्या विहिरीत जातं. तू एवढी वर्षं समुद्राच्या भेगा बुजवल्यास, ही एक बुजव." खालची विहीर वाटणीत धाकट्या चुलत्यांकडे गेलेली. म्हणजे पाणी जायचं ते भाऊबंदांकडेच. पण नानाच्या द्राक्षबागेवर कर्ज होतं आणि मार्च-एप्रिलमधलं अर्धा फूट पाणी त्याला सोन्यासारखं होतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मला जमलं असतं. भेग दिसत होती, हातानं चाचपता येत होती. उभ्या नोकरीत मला एवढी सोपी भेग मिळाली नव्हती. पण ड्रिलरचं वाक्य आठवलं. मी नानाला म्हटलं, "एक वर्ष मोजू, मग ठरवू." गवंड्याची पाण्याची नळी घेऊन टप्प्याटप्प्यानं दोन्ही विहिरींच्या कठड्यांची पातळी काढली. बंधाऱ्याची पण काढली. दसऱ्यापासून दर रविवारी दोरीला वजन बांधून तिन्ही ठिकाणचं पाणी मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. धाकट्या चुलत्यांच्या मुलालाही सांगितलं. तो आधी संशयानं बघायचा, पुढे स्वतःच दोरी धरायला लागला.

वर्षअखेर आकडे समोर ठेवले. संक्रांतीपर्यंत नाल्यावरचा बंधारा भरलेला असतो आणि त्याचं पाणी आमच्या विहिरीतल्या पाण्याहून वर असतं. त्या काळात त्याच भेगेतून पाणी आमच्याकडे येत होतं. दिवाळीत रात्रभरात विहीर साडेतीन फूट भरायची, ती या भेगेमुळे. फेब्रुवारीत बंधारा आटला की पाणी उलट फिरायचं आणि खाली जायचं. भेग एकच. नाना तिला उन्हाळ्यातच बघायचा, कारण पाणी उतरल्यावरच ती दिसायची. बुजवली असती तर उन्हाळ्याचं अर्धा फूट वाचलं असतं आणि हिवाळ्याचं साडेतीन फूट गेलं असतं. आणि खालच्या विहिरीचं काय झालं असतं ते सांगायलाच नको.

नानाला हिशेब पटला, पण तो खूश झाला नाही. "म्हणजे उन्हाळ्याचं माझं दुखणं तसंच," म्हणाला. ते खरंच होतं. पुढच्या वर्षी त्यानं शेततळं खोदलं, कागद अंथरला आणि हिवाळ्यात भेगेतून येणारं पाणी उपसून त्यात साठवायला लागला. गळती अडवायचीच होती, तर ती तळ्याच्या तळाशी अडवली. त्याला खर्च आला आणि कर्ज थोडं वाढलं. भाऊबंदकीतला ताण मात्र वाढला नाही, एवढं मी सांगू शकतो.

श्रोतेहो, आपल्यापैकी कुणाच्या विहिरीला अशी भेग असेल आणि कुणी भुकटीचं पोतं किंवा रसायनाचा डबा घेऊन दारी आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. पहिला, पाणी या भेगेतून कुठून कुठं जातं, हे बाराही महिने कुणी मोजलं आहे का? दुसरा, तू जे भरणार आहेस, ते या पाण्यात उतरलं तर खाली ते कोण पितं? आणि तिसरा, चुकलं तर हे पुन्हा उघडता येईल का? गवारीचा डिंक विरघळतो, सिमेंट विरघळत नाही. भूजल यंत्रणेतल्या भूवैज्ञानिकाला विचारायला फार तर एक फेरी पडते. दोरी आणि वजन तर प्रत्येकाच्या घरी असतं.

आप्पा आज असते तर त्यांना सांगितलं असतं, की आप्पा, चिखल कालवायला फार शिकावं लागत नाही. तो कुठं घालायचा नाही, हे कळायलाच माझी तीस वर्षं गेली.